सेवाभावी संस्थेने उद्योग सुरू करताना: मुंबईतील नव्या कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

देणगीदारांनी हात आखडता घेतला की विश्वस्त मंडळाच्या बैठकीत ‘आपणच काही बनवून विकावे’ हा विषय हमखास निघतो. शिवणवर्ग आधीपासून चालू असतो, महिला हाताला काम मागत असतात, एखाद्या कंपनीने मागच्या दिवाळीत शंभर-दोनशे भेटपेट्या घेतलेल्या असतात, आणि मग उद्योग ही पुढची स्वाभाविक पायरी वाटू लागते. अशा उद्योगाला अलीकडे सामाजिक उद्योग म्हटले जाते. समाजसेवी संस्थेने आपल्या सेवाकार्याचा भाग म्हणून वस्तू किंवा सेवा बाजारात विकायची आणि त्यातून येणारा पैसा त्याच कार्यात घालायचा, असा त्याचा साधा अर्थ आहे. हा लेख अशा संस्थेत नव्याने रुजू झालेल्या समन्वयकासाठी, लेखापालासाठी किंवा पहिल्यांदाच विश्वस्त झालेल्या व्यक्तीसाठी लिहिला आहे. यातला मोठा भाग हिशोबाबद्दल आहे. माल वाईट निघाल्याने असे उद्योग बंद पडतात हे खरे. परंतु सेवेचा खर्च आणि धंद्याचा खर्च एकाच वहीत मिसळल्याने ते अधिक वेळा बंद पडतात, असे माझे मत आहे.

पहिली पायरी: उद्योग कशासाठी, हे एका वाक्यात लिहून काढा

संस्था उद्योगाकडे दोन वेगळ्या कारणांनी वळतात. पहिले कारण म्हणजे ज्यांच्यासाठी संस्था काम करते त्यांना रोजगार, सराव किंवा उत्पन्न मिळावे. दुसरे म्हणजे संस्थेच्या इतर कामांसाठी पैसा उभा राहावा. बैठकीत ही दोन्ही कारणे एका दमात सांगितली जातात, पण व्यवहारात ती एकमेकांना छेद देतात. पैसा उभा करायचा असेल तर सर्वांत कुशल आणि वेगवान हात कामाला घ्यावे लागतात. रोजगार द्यायचा असेल तर ज्यांना इतर कोणी कामावर घेत नाही अशांना घ्यावे लागते. म्हणून या दोहोंपैकी मुख्य हेतू कोणता, हे मंडळाने ठराव करून नोंदवावे.

मुंबईला हा विचार नवा नाही. सर रतन टाटा इन्स्टिट्यूटची स्थापना १९२८ साली गरजू पारशी स्त्रियांना काम मिळावे म्हणून झाली आणि तिची भरतकामाची व खाद्यपदार्थांची दुकाने मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांच्या परिचयाची झाली. गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. गिरणगावातील खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची उभारणी केली. या तिन्ही उदाहरणांत स्त्रियांच्या हाती काम आणि उत्पन्न पडावे हाच हेतू होता. लिज्जतने तर सुरुवातीपासून देणगी न घेण्याचे धोरण ठेवले आणि काम करणाऱ्या भगिनींनाच मालकीहक्क दिला. आपली संस्था लिज्जतसारखी होईल, असे स्वप्न अनेक विश्वस्त पाहतात. परंतु लिज्जत ही स्वतःच्या पायावर उभे राहू शकणाऱ्या स्त्रियांची संघटना आहे. मानसिक आजारातून सावरणाऱ्या, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या किंवा हिंसाचारातून सुटून आलेल्या व्यक्तींना सोबत घेऊन चालणाऱ्या संस्थेला तेच गणित लागू पडत नाही.

जुहू येथील कॅफे अर्पण हे या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आहे. यश चॅरिटेबल ट्रस्टने आधी डब्याची सेवा सुरू केली आणि पुढे २०१८ मध्ये विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांनी चालवलेला हा कॅफे उघडला. उद्योगच इथे सेवा आहे. कॅफे बंद करून तेवढेच पैसे देणगीतून मिळाले, तरी संस्थेचे काम पूर्ण होणार नाही. आपल्या प्रस्तावाची पारख याच प्रश्नाने करावी: उद्या एखाद्या देणगीदाराने नफ्याइतकी रक्कम दरवर्षी देऊ केली, तर आपण हा उद्योग चालू ठेवू का? उत्तर ‘नाही’ असेल तर उद्योगाऐवजी निधीसंकलनावर मेहनत घेणे बहुधा स्वस्त पडेल.

दुसरी पायरी: संस्थेची घटना आणि कायद्याची चौकट तपासा

महाराष्ट्रातील बहुतेक सेवाभावी संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या असतात. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखालील संस्थांचीही या राज्यात सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदणी होते. मुंबईत यासाठी वरळीचे धर्मादाय आयुक्त कार्यालय आहे. काही नव्या संस्था कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून स्थापन होतात. तिचा नफा सभासदांना लाभांश म्हणून वाटता येत नाही, तो उद्दिष्टांसाठीच खर्च करावा लागतो.

घटनेतील उद्देश-कलम आधी वाचावे. ‘स्वयंरोजगार’, ‘व्यवसाय प्रशिक्षण’, ‘पुनर्वसन’ यांपैकी काही त्यात असेल तर उद्योग हा उद्देशाला पूरक आहे असे दाखवणे सोपे जाते. नसेल तर दुरुस्तीची प्रक्रिया करून घ्यावी आणि त्यानंतरच पहिले बिल फाडावे.

प्राप्तिकराचा मुद्दा इथेच येतो आणि नवख्यांची सर्वाधिक गल्लत त्यातच होते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने व्यवसाय करूच नये, असे कायदा म्हणत नाही. व्यवसाय उद्दिष्टपूर्तीला आनुषंगिक असावा आणि त्याची हिशोबपुस्तके स्वतंत्र ठेवलेली असावीत, अशी अट आहे. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात ती कलम ११(४अ) मध्ये होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर अधिनियम लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचताना हे ध्यानात ठेवावे. गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत या उद्दिष्टांच्या संस्थांना एवढी अट पुरते. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी’ या शेवटच्या वर्गात मोडणाऱ्या संस्थेच्या व्यापारी स्वरूपाच्या जमा रकमा मात्र त्या वर्षीच्या एकूण जमेच्या २० टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नयेत. १९ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबाद नागरी विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात या वर्गासाठीचा निकष आणखी काटेकोर केला. आपली संस्था कोणत्या वर्गात बसते, हे सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनाचा तपासणीच्या वेळी उपयोग होत नाही.

‘मग वेगळी खासगी कंपनीच काढू’ हा पर्याय ऐकायला सुटसुटीत वाटतो. परंतु न्यासाचा पैसा कुठे गुंतवता येतो याची यादी कायद्यातच दिलेली आहे आणि आपण काढलेल्या खासगी कंपनीचे समभाग सहसा तीत बसत नाहीत, त्यामुळे करसवलत धोक्यात येऊ शकते. शिवाय विश्वस्तच त्या कंपनीचे भागधारक असतील, तर संस्थेच्या जागेचा, नावाचा किंवा माणसांचा लाभ संबंधित व्यक्तींना दिला गेला, असा आक्षेप येतो. पहिली काही वर्षे उद्योग संस्थेच्या आतच, पण वेगळ्या खातेवहीत चालवणे लहान संस्थेला अधिक सुरक्षित आहे. उलाढाल वाढली आणि बाहेरचे भांडवल खरोखर लागू लागले, की वेगळ्या रचनेचा विचार करता येतो.

तिसरी पायरी: वस्तू निवडण्याआधी गिऱ्हाईक शोधा

पणत्या, उटणे, कागदी पिशव्या आणि सुगंधी मेणबत्त्या हे पदार्थ मुंबईतील निम्म्या संस्था बनवतात की काय, असे दिवाळीच्या तोंडावर वाटते. शिकवायला सोपे म्हणून ते निवडले जातात. शिकवायला सोपे असते ते इतरांनाही सोपे असते, म्हणून भाव पडतो आणि हंगाम दोन महिन्यांत संपतो.

याउलट शहरात वर्षभर चालणाऱ्या गरजा कोणत्या, हे पाहावे. कार्यालयांना दुपारचे डबे लागतात, रुग्णालयांना चादरी व गाऊन लागतात, शाळांना गणवेश लागतात, आणि गृहनिर्माण संस्थांना ओला-सुका कचरा हाताळणारी भरवशाची माणसे लागतात. स्त्री मुक्ती संघटनेने कचरावेचक महिलांसोबत ‘परिसर विकास’ कार्यक्रमात नेमके हेच केले. महिलांना कचऱ्याची शास्त्रीय हाताळणी, खतनिर्मिती आणि भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले निसर्गऋण बायोगॅस संयंत्र चालवण्याचे प्रशिक्षण दिले आणि त्यांच्या सहकारी गटांमार्फत ही सेवा वसाहतींना दिली. त्या स्त्रियांचे कचऱ्याचे ज्ञान हेच तिथे भांडवल ठरले. आपल्या लाभार्थींना आधीपासून काय येते, हा प्रश्न म्हणूनच वस्तूच्या यादीपूर्वी विचारावा.

निवड झाल्यावर तीन संभाव्य घाऊक खरेदीदारांना प्रत्यक्ष भेटून सध्या ते किती दर देतात, किती दिवसांनी पैसे देतात आणि माल का परत करतात, हे विचारावे. ‘छान कल्पना आहे, आम्ही नक्की घेऊ’ हे उत्तर मोजू नये. नमुन्याची किंमत मोजून घेणारा माणूस हाच खरा गिऱ्हाईक समजावा.

चौथी पायरी: हिशोब दोन खात्यांत मांडा

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ पद्धत दाखवण्यासाठी घेतले आहेत. समजा, गोवंडीतील एका संस्थेच्या शिवणकेंद्रात आठ महिला दररोज चार तास, महिन्याला २१ दिवस कापडी पिशव्या शिवतात. त्यांना तासाला ७५ रुपये दिले जातात. सराईत कारागीर एक पिशवी २० मिनिटांत शिवते, शिकाऊ महिलेला ४० मिनिटे लागतात. या हिशोबाने महिन्याला सुमारे १,००० पिशव्या होतात आणि प्रत्येक महिलेच्या हाती साधारण ६,२५० रुपये पडतात. पिशवी घाऊक बाजारात ९७ रुपयांना जाते.

आता एका पिशवीचा व्यापारी खर्च काढू. कापड ४० रुपये, धागा व पट्टे ६ रुपये, जागा, वीज व यंत्राची झीज मिळून ९ रुपये, बांधणी व वाहतूक ५ रुपये. मजुरीच्या ठिकाणी सराईत कारागिराच्या वेगाने होणारी मजुरी, म्हणजे २५ रुपये धरायचे, कारण बाजार तेवढेच मोजतो. एकूण ८५ रुपये झाले आणि पिशवीमागे १२ रुपये उरले. हे पहिले खाते, धंद्याचे.

दुसरे खाते सेवेचे. शिकाऊ महिलेला लागलेल्या जादा २० मिनिटांची मजुरी, २५ रुपये, इथे पडते. प्रशिक्षिका आणि अर्धवेळ समुपदेशक यांचे मानधन महिन्याला २५,००० रुपये असेल, तर पिशवीमागे आणखी २५ रुपये. म्हणजे सेवेचा खर्च ५० रुपये आणि धंद्याची शिल्लक १२ रुपये, तेव्हा ३८ रुपयांची तूट. महिन्याला ही तूट ३८,००० रुपये होते, म्हणजे एका महिलेमागे ४,७५० रुपये.

एकाच वहीत मांडले असते तर हा उद्योग तोट्यात आहे, एवढेच दिसले असते आणि कोणीतरी मजुरी कमी करण्याचा किंवा समुपदेशकाला काढण्याचा सल्ला दिला असता. दोन खात्यांत मांडल्यावर वेगळे चित्र दिसते. धंदा नफ्यात आहे. ४,७५० रुपये हा एका स्त्रीला महिनाभर प्रशिक्षण, आधार आणि ६,२५० रुपयांची कमाई देण्याचा निव्वळ खर्च आहे, आणि तो देणगीदारासमोर ताठ मानेने ठेवता येतो. याच्या उलट स्थितीही येऊ शकते. पहिल्याच खात्यात तूट असेल, तर संस्था दर पिशवीमागे खरेदीदाराला देणगी देत असते. तसे असल्यास दर वाढवावा, खर्च कमी करावा किंवा वस्तू बदलावी. त्या तुटीला ‘सामाजिक कार्य’ म्हणून पांघरूण घालू नये.

आता समजा, सहा महिन्यांनी सरासरी वेळ ३० मिनिटांवर आला. तेवढ्याच तासांत सुमारे १,३३३ पिशव्या होतात. त्यांना गिऱ्हाईक मिळाले तर धंद्याची शिल्लक सुमारे १६,००० रुपयांवर जाते, जादा वेळेची मजुरी सुमारे १६,७०० रुपये राहते आणि मासिक तूट ३८,००० वरून सुमारे २५,७०० रुपयांवर येते. इथेच एक पेच उभा राहतो आणि तो टाळता येत नाही: हात बसलेल्या महिलेला बाहेर पूर्णवेळ नोकरी मिळणे हे संस्थेचे यश असते, पण तिच्या जागी नवी शिकाऊ महिला आली की वेग पुन्हा ४० मिनिटांकडे घसरतो. सेवा जितकी चांगली, तितका धंदा मागे जातो. कुशल व्यक्तींना धरून ठेवण्याचा मोह यातूनच निर्माण होतो. त्यावरचा व्यवहार्य उपाय असा, की दोन-तीन सराईत कारागिरांना बाजारभावाच्या वेतनावर कायम ठेवावे, मागणीचा पक्का भाग त्यांच्यावर सोपवावा आणि शिकाऊ महिलांची संख्या त्यांच्या भोवती ठरवावी. बाहेर नोकरी लागलेल्या महिलांची नोंद सेवेच्या खात्याच्या अहवालात ठळकपणे द्यावी, म्हणजे घटलेल्या उत्पादनाचे कारण मंडळाला कळते.

विनामूल्य मिळालेल्या गोष्टींचीही किंमत धंद्याच्या खात्यात लिहावी. एखाद्या हितचिंतकाने दिलेला गाळा, स्वयंसेवकाने केलेले पॅकिंग, कंपनीने दिलेले शिल्लक कापड यांची बाजारभावाने नोंद करून तेवढीच रक्कम वस्तुरूप साहाय्य म्हणून दाखवावी. गाळा उद्या परत मागितला गेला, तर उद्योग टिकेल की नाही, हे त्यामुळे आजच समजते. मुंबईत जागेचे भाडे हा खर्च इतरत्र बनवलेल्या अंदाजपत्रकांना पार झोपवतो, म्हणून ही नोंद इथे विशेष महत्त्वाची आहे.

पाचवी पायरी: काम करणाऱ्यांशी नाते स्पष्ट करा

लाभार्थी ही व्यक्ती उद्योगात आली की तिची भूमिका बदलते. ती प्रशिक्षणार्थी आहे की कामगार, हे पहिल्या दिवशी तिच्या भाषेत, लेखी सांगितले पाहिजे. प्रशिक्षणाचा काळ ठरलेला असावा. वर्षानुवर्षे ‘प्रशिक्षण’ म्हणून अल्प विद्यावेतनावर विक्रीचा माल बनवून घेणे कायद्याच्या आणि नीतीच्या दोन्ही कसोट्यांवर टिकत नाही. काम नियमित झाले की किमान वेतन लागू होते, आणि कामगारसंख्येनुसार भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा यांच्या तरतुदीही. १४ वर्षांखालील मुलांकडून विक्रीसाठी काहीही बनवून घेऊ नये. बालगृहातील मुलांनी रंगवलेल्या पणत्या विकणेही टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवारागृह चालवणाऱ्या संस्थांनी आणखी एक दक्षता घ्यावी. राहण्याची सोय, समुपदेशन किंवा कायदेशीर मदत ही उद्योगात काम करण्याच्या अटीवर कधीही बांधू नये. नकार देणाऱ्या स्त्रीला इतर सेवा पूर्वीप्रमाणेच मिळतात, हे सर्वांना दिसले पाहिजे.

उत्पन्नाचा सरकारी साहाय्यावर होणारा परिणाम बऱ्याचदा कोणाच्याच लक्षात येत नाही. संजय गांधी निराधार अनुदानासारख्या योजनांना उत्पन्नाची मर्यादा असते. वरच्या उदाहरणातील महिलेची वार्षिक कमाई ७५,००० रुपये होते. त्या कमाईमुळे तिचे अनुदान बंद होणार असेल आणि उद्योग दोन वर्षांत बंद पडणार असेल, तर तिचे नुकसानच होते. म्हणून प्रत्येकीच्या बाबतीत तहसीलदार कार्यालयातील नियम समाजकार्यकर्त्याने आधी पाहावेत आणि निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा.

मालावर कोणाची गोष्ट आणि कोणाचा फोटो छापायचा, याबाबतही लेखी संमती घ्यावी आणि ती मागे घेण्याची मुभा ठेवावी. लैंगिक अत्याचारग्रस्त व्यक्तीची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. तिथे संमतीपत्राच्या भरवशावर राहूच नये.

सहावी पायरी: भांडवल कोणत्या पैशातून, ते ठरवा

कर्ज काढण्यापूर्वी हे माहीत असावे, की सार्वजनिक न्यासाच्या विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज घ्यायचे असल्यास महाराष्ट्रातील कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. व्यवस्थापकीय समितीचा ठराव तेवढ्यासाठी पुरेसा नसतो. परवानगीला वेळ लागतो, म्हणून दिवाळीच्या मोठ्या मागणीसाठी लागणारे खेळते भांडवल कर्जातून उभे करण्याची योजना गणपतीत आखून उपयोग नाही.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व (सीएसआर) निधीसाठी वरील दोन खाती फार उपयोगी पडतात. कंपनी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत रोजगारक्षम कौशल्ये आणि उपजीविकावृद्धीचे प्रकल्प स्पष्टपणे आहेत. तेव्हा सेवेच्या खात्यातील प्रशिक्षण, समुपदेशन आणि जादा वेळेची मजुरी यांसाठी प्रस्ताव द्यावा, आणि धंद्याचे खाते स्वतःच्या पायावर चालते हे त्याला जोडून दाखवावे. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेण्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आवश्यक आहे.

विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांनी अधिक सांभाळून चालावे. विदेशी देणगीतून निर्माण झालेले उत्पन्नही विदेशी देणगीच मानले जाते, म्हणून त्या पैशातून यंत्रे घेऊन व्यापार सुरू करण्यापूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. परदेशी गिऱ्हाइकाने मालापोटी नेहमीच्या व्यवहारात दिलेली किंमत मात्र देणगी ठरत नाही. सोशल स्टॉक एक्स्चेंजचा, म्हणजे शेअर बाजारातील सामाजिक संस्थांसाठीच्या विभागाचा पर्यायही अलीकडे चर्चेत असतो. तिथे ना-नफा संस्था नोंदणी करून ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’, म्हणजे ज्यांवर व्याजही मिळत नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही अशा रोख्यांमार्फत निधी उभारू शकतात, परंतु त्यासाठी लागणारी प्रकटने आणि सामाजिक परिणामाचे लेखापरीक्षण पाहता, पहिल्या दोन-तीन वर्षांतील उद्योगाने त्यात शिरू नये.

सातवी पायरी: परवाने आणि कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना काढावा. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ खाली वीसपेक्षा कमी कामगार असल्यास केवळ सूचना द्यावी लागते, वीस किंवा अधिक असल्यास नोंदणी करावी लागते (२०२५ च्या दुरुस्तीपूर्वी ही मर्यादा दहा होती), आणि व्यवसाय चालवणारे न्यासही यातून सुटत नाहीत. वस्तूंच्या विक्रीत वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, परंतु करपात्र माल राज्याबाहेर पाठवायचा असल्यास हस्तकलेसारखे अपवाद सोडता नोंदणी आधी करावी लागते. ‘आम्ही धर्मादाय आहोत, आम्हाला जीएसटी नाही’ हा समज चुकीचा आहे.

जागा महापालिकेची किंवा म्हाडाची असेल तर करारातील वापराचे कलम वाचावे. समाजकार्यासाठी दिलेल्या जागेत विक्रीकेंद्र चालवणे कराराचा भंग ठरू शकते.

बिलपुस्तक आणि देणगी पावतीपुस्तक वेगळे ठेवावे. एखादा खरेदीदार मालाच्या किमतीवर करसवलतीची (१९६१ च्या अधिनियमातील ८०-जी ची) देणगी पावती मागतो, तेव्हा नम्रपणे नकार द्यावा: मोबदल्यात वस्तू दिली की ती देणगी राहत नाही.

आठवी पायरी: विक्री आणि वसुली

पहिल्या वर्षीची खरेदी बऱ्याचदा आपुलकीपोटी होते. दुसऱ्या वर्षी टाके उसवलेले आहेत का, डबा साडेबाराला पोहोचतो का, हेच पाहिले जाते. त्यामुळे माल बाहेर जाण्यापूर्वी तपासणारी व्यक्ती शिकवणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळी असावी. शिकवणारी बाई मायेपोटी सदोष पिशवीही पास करते, आणि त्यात तिचा दोष काढता येत नाही. दर ठरवताना कारागिरांची दयनीय कहाणी पुढे करू नये. शेजारच्या दुकानातील तशाच वस्तूचा दर आणि आपला दर यांत फार अंतर असेल, तर ते कापडाने किंवा शिवणीने समजावता आले पाहिजे.

ज्या सेवेत वेगवेगळ्या ऐपतीचे ग्राहक येतात, तिथे दर वेगळे ठेवता येतात. मुंबईत २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या १२९८ रुग्णवाहिका सेवेने खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण आणि सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी शुल्क घेण्याची पद्धत अवलंबली. रुग्णाच्या ऐपतीची चौकशी न करता, त्याने निवडलेल्या रुग्णालयावरून दर ठरत असे. समुपदेशन, फिजिओथेरपी किंवा पाळणाघर चालवणाऱ्या संस्थांना अशी साधी खूण शोधता आली, तर उत्पन्नाचे दाखले मागण्याचा त्रास वाचतो.

वसुलीचा प्रश्न मोठ्या कंपन्यांकडून येतो. बीकेसी किंवा लोअर परळमधील कार्यालयाने दिवाळीला घेतलेल्या मालाचे पैसे नाताळ उलटला तरी येत नाहीत, आणि तोवर कापडवाल्याची उधारी व महिलांची मजुरी संस्थेच्या गंगाजळीतून दिली जाते. यासाठी तीन गोष्टी कराव्यात. मागणीसोबत निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी. उत्पादन किंवा सेवा करणाऱ्या न्यासांनाही करता येणारी, विनाशुल्क उद्यम नोंदणी करावी, कारण सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर आहे आणि तो क्रमांक बिलावर छापल्याने कंपनीचा लेखाविभाग जागा होतो. आणि एकाच खरेदीदाराचा वाटा वर्षाच्या विक्रीत एक तृतीयांशाहून वाढू देऊ नये. वांद्र्याला भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत रोख विक्री होते, ती या तुटीच्या काळात हाताशी असते. पावसाळ्यातील महिने कपडा आणि वाळवणाच्या पदार्थांसाठी मंदीचे असतात, हे गृहीत धरूनच अंदाजपत्रक करावे.

नववी पायरी: दर तिमाहीला तपासणी आणि थांबण्याची अट

सुरुवात करतानाच थांबण्याची अट ठरावात लिहून ठेवावी, कारण एकदा दहा-बारा जणींचे घर त्यावर चालू लागले की बंद करण्याचा विषय काढणारा माणूस खलनायक ठरतो. दोन आकडे पुरेसे आहेत. धंद्याच्या खात्यातील तूट सलग किती तिमाही चालू देणार, हा पहिला. एका लाभार्थीमागे सेवेचा निव्वळ खर्च किती रुपयांपर्यंत मान्य आहे, हा दुसरा. दुसरा आकडा ठरवताना, उद्योगाविना तेच प्रशिक्षण आणि तोच आधार देण्यासाठी किती खर्च आला असता, याच्याशी तुलना करावी.

तिमाही बैठकीत या दोन आकड्यांसोबत किती व्यक्ती रुजू झाल्या, किती सोडून गेल्या, का गेल्या आणि प्रत्येकीच्या हाती प्रत्यक्ष किती पैसे पडले, एवढेच ठेवावे. काम करणाऱ्यांपैकी किमान दोघींना या बैठकीत बसवावे. दर कमी मिळतो आहे की कच्चा माल वाया जातो आहे, हे विश्वस्तांपेक्षा त्यांना आधी कळते.

बंद करण्याचा निर्णय झालाच तर देणी या क्रमाने फेडावीत: कामगारांची मजुरी व कायदेशीर देणी, पुरवठादारांची उधारी, आगाऊ रकमा. यंत्रे विकण्याऐवजी कारागिरांच्या बचत गटाला द्यायची असल्यास ती कोणत्या निधीतून घेतली होती आणि त्या निधीच्या करारात मालमत्तेबद्दल काय लिहिले आहे, हे आधी पाहावे, मंडळाचा ठराव करावा आणि लेखापरीक्षकाला कळवून त्या वर्षीच्या हिशोबपत्रकात नोंद करावी.